ऐनाचं रान हेच टसरचं घर

कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनममध्ये विणल्या जाणाऱ्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातला हा मुलूख आजही रेशमावर जगतो. तिथल्या मागावर चढणारं रेशीम तुतीचं असतं. हजारो वर्षं माणसानं पोसल्यामुळे तुतीच्या रेशमाचा पतंग पूर्णपणे पाळीव झाला आहे. पंख असूनही त्याला उडता येत नाही, अळीच्या पुढ्यात पाला आणून टाकावा लागतो आणि रानात सोडला तर त्याचा वंश टिकत नाही. म्हणून तुतीचा मळा आणि संगोपनाची खोली असेल तिथे हे रेशीम तयार होतं. त्याला जंगल लागत नाही. आपण रेशीम म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच डोळ्यांसमोर असतं. विदर्भातल्या टसरचा विचारही याच मापानं करण्याचा मोह होतो, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

टसरचा पतंग, शास्त्रीय नावानं अँथेरिया मायलिटा, आजही रानाचाच आहे. मादी मोठी, पिवळसर; नर तांबूस, त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद. पंखांवर डोळ्यांसारखे पारदर्शक ठिपके असतात. प्रौढ पतंग काही खात नाही. अळी असताना साठवलेल्या बळावर तो मोजके दिवस जगतो आणि तेवढ्यात मीलन व अंडी घालणं उरकतो. एक मादी दीडशे-दोनशे अंडी देते. आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात, ऐनाचा किंवा अर्जुनाचा पाला खातात, चार वेळा कात टाकतात आणि महिन्याभराहून थोड्या अधिक काळात कोष विणायला घेतात. हा कोष अंड्याच्या आकाराचा, टणक, आणि देठासारख्या बंधानं डहाळीला घट्ट बांधलेला असतो. पावसाळ्यातलं पहिलं पीक मुख्यतः बियाण्यासाठी, तर पावसाळा सरताना घेतलेलं दुसरं पीक विक्रीसाठी असतं. दुसऱ्या पिकातली कोषावस्था पुढचा सगळा हिवाळा आणि उन्हाळा निपचित राहते. पतंग बाहेर येतो तो पुढच्या पावसाच्या सुमाराला. कारण उघड आहे: उन्हाळ्यात ऐन निष्पर्ण असतो. तेव्हा पतंग निघाला तर त्याच्या पिल्लांना खायला पानच मिळणार नाही. झाडाची पालवी, पाऊस आणि पतंग यांचं हे गणित कुठल्या खोलीत मांडता येणार?

गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या ढिवर समाजाला हे गणित पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. मासेमारी करणारी ही माणसं पावसाळ्यात अळ्या ऐनाच्या झाडांवर सोडतात, पाला संपला की अळ्यांसकट डहाळ्या कापून दुसऱ्या झाडावर नेतात आणि पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून त्यांची राखण करतात. त्या कोषांच्या धाग्यातून विदर्भाची करवत काठी साडी उभी राहते.

टसरसाठी रानच राखलं पाहिजे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. अर्जुनाची लागवड करून त्यावर टसर घेता येतो; मग जंगलाचा आग्रह कशाला? लागवडीला माझा विरोध नाही. तिनं राखण सोपी होते आणि जंगलावरचा भारही हलका होतो. पण बियाणं कुठून येणार? या पतंगाचे चाळीसहून अधिक स्थानिक प्रकार देशात नोंदले गेले आहेत, त्यात भंडाऱ्याच्या नावाचाही एक आहे. हे वैविध्य वेगवेगळ्या रानांनी घडवलं आहे. रान गेलं की लागवडीला नवं रक्त पुरवणारा झराच आटतो. दुसरा आक्षेप वनसंरक्षणाचा: फांद्या छाटल्यानं झाडं खचतात. बेसुमार छाटणीनं खचतात, हे खरं. पण ऐन पुन्हा फुटतो, आणि ज्याचं पुढच्या वर्षीचं पीक त्याच झाडावर अवलंबून आहे त्याला झाड जिवंत ठेवण्याची गरज दुसऱ्या कुणाहूनही अधिक असते. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: सलग धाग्यासाठी कोषातला जीव उष्णता देऊन मारला जातो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पतंग बाहेर पडलेल्या कोषाचा धागा कातून वापरता येतो आणि ज्यांना तो हवा त्यांनी जरूर घ्यावा. मात्र बियाण्याच्या कोषांतून दरवर्षी पतंग बाहेर येऊ द्यावेच लागतात, आणि कोषांना भाव नसेल तर ऐनाच्या झाडाकडे केवळ लाकूड म्हणून पाहिलं जाईल. तसं झालं तर एकेक कोष नव्हे, सगळी वस्तीच नष्ट होईल.

कायद्यानं वाट आधीच दाखवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर आणि कोष यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्रात ढिवर अनुसूचित जमातींत नाहीत, भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे या कायद्याखाली ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करण्याची अट त्यांच्यावर येते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कागद नव्हे, अळ्या राखल्या, त्यांनी हा पुरावा कुठून आणायचा? कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो. तो घेताना टसर संगोपनाच्या जागा आणि झाडं यांची नोंद झालीच पाहिजे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात ऐनाची संगोपनक्षेत्रं नकाशावर दाखवावीत आणि छाटणीच्या पाळ्या तिथेच ठरवाव्यात. खाण किंवा रस्त्यासाठी जंगल मागितलं जाईल तेव्हा या नोंदी अधिकाऱ्यांपुढे असायला हव्यात. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात लावलेली रोपं इथल्या अळ्यांच्या काहीच कामाची नसतात.