दिवे गेल्यावर जिना दिसला पाहिजे



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर एक तरुण आम्हाला भेटला. आयटीआय करून तो एका मोठ्या व्यापारी इमारतीत वायरमन म्हणून लागला आहे. म्हणाला, "काका, आमच्याकडे जिन्यावरचे एमर्जन्सी दिवे नवे बसवायचेत. साहेब म्हणतात, खाली एवढा मोठा जनरेटर आहे, मग बॅटरीचा खर्च कशाला?"

प्रश्न साहेबांचा असला तरी तो आपल्या घरांचाही आहे. अशा इमारतींत रात्रीचा वॉचमन, पहाटे फरशी पुसणारी ताई, लिफ्टमन, हमाल ही बहुतेक आपलीच माणसे. म्हणून आज याच विषयावर चार शब्द.

दिल्लीचे उपहार चित्रपटगृह आठवा. 13 जून 1997 रोजी तिथे तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली. धूर वर बाल्कनीत शिरला. वीज गेली. वाट दाखवणारे दिवे लागले नाहीत, आणि बाल्कनीतली वाट जादा खुर्च्यांनी अडलेली होती. 59 माणसे गेली. धुरात माणसाच्या हाती मोजकी मिनिटे असतात. ती चाचपडण्यात गेली की सगळे संपते.

आता जनरेटरचे बघू. जनरेटर वाईट नाही. पंप, लिफ्ट, तासन्‌तासाची वीज हे त्याचेच काम. पण तो सुरू होऊन लोड घेईपर्यंत काही सेकंद तरी जातात. त्याला डिझेल लागते, आणि त्याचा स्टार्टरही बॅटरीवरच चालतो. ती उतरलेली असली तर मशीन हलत नाही. तळघरात ठेवला असेल तर पुराचे पाणी आधी त्यालाच गाठते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो मुंबईकर विसरलेला नाही. शिवाय आगीच्या वेळी इमारतीची वीज मुद्दाम तोडतात. म्हणून जिन्यावरच्या दिव्याला बॅटरी हवीच. जनरेटर तिच्या मागे उभा असावा, तिच्या जागी नव्हे.

बॅटरी दोन तऱ्हेने बसवता येते. एक, प्रत्येक दिव्याच्या पोटात छोटी बॅटरी. वायर जळाली तरी तो दिवा आपल्यापुरता लागतो. पण असे शेकडो दिवे एकेक करून तपासावे लागतात. दुसरी तऱ्हा म्हणजे एका खोलीत मोठ्या बॅटऱ्या आणि तिथून सगळीकडे वायर. तपासायला सोपे, पण वायर आगीत टिकणारी हवी. नाहीतर एक लाइन जळाली की अख्खा मजला अंधारात. त्या खोलीत वारा खेळता हवा, कारण पाण्याच्या बॅटऱ्या चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडतात. खोली थंडही हवी. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. आमचे मत असे की जिने आणि बाहेरच्या वाटा यांना तरी स्वतंत्र बॅटरीचे दिवे असावेत.

बॅटरी केवढी घ्यावी? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे हे दिवे किमान दीड तास चालले पाहिजेत. समजा एका इन्व्हर्टरवर 10 वॅटचे 40 दिवे आहेत. झाले 400 वॅट, दीड तासाचे 600 वॅट-तास. 12 व्होल्ट 100 एएचच्या बॅटरीवर 1200 दिसतात. पण साधी शिशाची बॅटरी एवढ्या झपाट्याने रिकामी केली तर धरून चालावे निम्मे, म्हणजे 600. इन्व्हर्टर आपला वाटा खातो आणि बॅटरी दरवर्षी म्हातारी होते. म्हणून 150 एएच घ्यावी. कागदावर पुरते ते जिन्यावर पुरतेच असे नाही.

एवढे करूनही दिवा लागेलच असे नाही, कारण बॅटरी गुपचूप मरते. विहारात आपण पंचशील म्हणतो. पाचव्या शीलात मद्याबरोबर प्रमादही आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. महिन्यातून एकदा मेन बंद करून सगळे दिवे लागतात का पाहावे. वर्षातून एकदा पूर्ण दीड तास चालवून पाहावे. त्यानंतर बॅटरी भरायला एक दिवसही लागू शकतो, म्हणून ही तपासणी इमारत रिकामी असताना करावी. तारीख, बंद पडलेल्या दिव्याची जागा आणि तपासणाऱ्याची सही रजिस्टरात हवी. न तपासता सही कोणी मागितली तर देऊ नये. उद्या चौकशीत तीच सही पुढे येते, साहेबांचे तोंडी शब्द येत नाहीत.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. वीज आणि मजुराचा जीव या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे आपण त्यातून घ्यावे.

त्या तरुणाला आम्ही हाच हिशोब कागदावर मांडून दिला आणि सांगितले, साहेबांना लेखी दे, एक प्रत आपल्याजवळ ठेव. तुमच्या घरातले कोणी अशा इमारतीत कामाला असेल तर आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा: वीज गेली तर तुझ्या जिन्यावर उजेड असतो का? त्याला सांगता आले नाही, तर उद्या बघून यायला सांगा.

जयभीम.