भिंगारच्या पोरीनं लढाऊ यान कोणत्या भाषेत उडवायचं?

पोस्ट जरा लांब आहे. "हल्ली पोरं वाचतच नाहीत" हे ज्यांचं पालुपद आहे, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचावीच.

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाची 'स्कायवर्ड' ही कादंबरी २०१८ साली आली. माणसं एका उजाड ग्रहाच्या पोटात, गुहांमध्ये राहतात. वरून शत्रूची यानं हल्ले करतात. स्पेन्सा नावाच्या पोरीला लढाऊ वैमानिक व्हायचंय. पण तिचा बाप लढाईतून पळाला असा शिक्का बसलेला, म्हणून ही 'भित्र्याची पोर'. प्रशिक्षणात कसंबसं घेतात, पण वसतिगृहात झोपायला जागा नाही, मेसमध्ये ताट नाही. आधी आभासी कॉकपिटमध्ये शिकायचं, मग खरं यान. यान पडायला लागलं की बाहेर उडी मारा, असं तिचा शिक्षक सांगतो. तिथला समाज मात्र उडी मारणाऱ्याला भेकड ठरवतो, कारण यानं मोजकी आणि पोरं भरपूर. यान महत्त्वाचं की पोर? हा झगडा पुस्तकभर चालतो.

आता हे भिंगारमध्ये बसून का सांगतोय? अहो, आपलं गाव छावणीचं. शेजारी आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि स्कूल, १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालय. शाळेची सहल म्हणजे रणगाड्यापुढं फोटो. शौर्याच्या घोषणा आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत. भीती वाटली तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते भाषणात सांगता येत नाही, गोष्टीतच सांगता येतं.

अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग या तिघी २०१६ मध्ये हवाई दलाच्या लढाऊ शाखेत दाखल झाल्या. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर लगेच मुलींचे फोटो झळकले. वाचनालयाच्या कपाटात काय आलं? जीकेची गाइडं!

यावर ठरलेलं उत्तर येतं : मराठीत विज्ञानकथा आहेत की! आहेत ना. नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावानं 'कृष्णविवर' मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि पहिला नंबर काढला. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सगळ्यांना दंडवत. पण या कथांत बहुतेक वेळा एखादा मुरलेला शास्त्रज्ञ कोडं सोडवतो. चिडकी, उपाशी, चुकणारी, पुन्हा सुकाणू धरणारी पोरगी कुठंय? फास्टर फेणेला सायकल मिळाली. त्याच्या धाकट्या बहिणीला यान द्यायचं राहूनच गेलं.

दुसरं उत्तर त्याहून फुसकं : "परदेशी खूळ कशाला?" मग ज्यूल व्हर्न काय फुरसुंगीचा होता? भा. रा. भागवतांनी त्याला मराठीत आणलं म्हणून तर आमच्या पिढीनं घरबसल्या चंद्राची वारी केली.

खरं दुखणं वेगळं आहे. एकाच गल्लीतली इंग्रजी माध्यमाची पोरगी हे पुस्तक मोबाइलवर उघडून वाचते. शेजारची मराठी माध्यमाची पोरगी, जी कदाचित तिच्याहून हुशार असेल, ती शिवणीच्या क्लासची जाहिरात वाचते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे आपण दोघींच्याही घरी वाटले.

वाचनालयांच्या संचालक मंडळांतले बरेच जण ही भिंत वाचतात, ठाऊक आहे मला. पुढची खरेदी करताना प्रकाशकांकडं असल्या पुस्तकांचे अनुवाद लेखी मागा. विक्रेत्यानं आणून टाकलेला गठ्ठा मुकाट्यानं घेऊ नका. आणि प्रकाशकांनो, "खपणार नाही" म्हणण्याआधी एकदा पहाटे पाचला नगरच्या एखाद्या मैदानावर या. भरतीसाठी धावणाऱ्या पोरी तिथं भेटतील. त्यांनाच विचारा.