आभाळ भरून आलं की शाळा लवकर सोडू नका!



आभाळ काळवंडलं, गडगडायला लागलं, की आपल्या बहुतेक खेड्यांतल्या शाळांत एकच गोष्ट होते. फाटकातून कुणीतरी हाक मारतं, "बाई, पाऊस येतोय, पोरं सोडा लवकर!" आपणही घाईघाईने घंटा देतो. दप्तरं भरा, कुठे थांबू नका, पळत घरी जा. मीसुद्धा अनेक वर्षं हेच केलं. हे चूक आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हस्ताचा पाऊस. तीन वाजेपर्यंत घामाच्या धारा लागल्या होत्या. मग डोंगराच्या बाजूने ढग चढले, गार वारा सुटला. आमची शाळा द्विशिक्षकी. सर त्या दिवशी केंद्रावर मीटिंगला गेलेले. वस्तीवरची अकरा मुलं दीड किलोमीटर चालत येतात. ती भिजतील म्हणून मी साडेतीनलाच त्यांना सोडलं. पंधरा मिनिटं झाली नसतील, असा कडकडाट झाला की वर्गाच्या खिडक्या हादरल्या. वस्तीच्या वाटेवर लिंबाखाली बांधलेली गाय जागेवर गेली. मुलं ते झाड ओलांडून नुकतीच पुढे गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही तिथंच थांबणार होतो. दादा म्हणला पळा." ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी मुलांना भिजण्यापासून वाचवायला गेले होते आणि विजेच्या तोंडी दिलं होतं.

ढगात नेमकं काय चालतं?

डी.एड.ला असताना पाठाच्या टाचणात मी 'पाण्याची वाफ होते, वाफेचा ढग होतो, ढगातून पाऊस पडतो' एवढंच लिहायचे. विजेचा ढग मात्र जरा वेगळा असतो, आणि तो समजला की शाळा का सोडायची नाही हे आपोआप समजतं.

दुपारभर जमीन तापते. तिच्यालगतची दमट हवा गरम होऊन वर चढते. वर गेल्यावर तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि तसं होताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे ही हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच राहते आणि आणखी वर जाते. बघता बघता फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहतो. त्याची उंची १२ ते १५ किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही जास्त! खाली आपण घामाघूम असतो, तेव्हा त्या ढगाच्या वरच्या भागात बर्फ असतो.

तिथे बर्फाचे बारीक कण आणि मऊसर गारा एकमेकांवर आपटतात. प्लॅस्टिकची पट्टी केसांवर घासली की कागदाचे कपटे चिकटतात ना, काहीसं तसंच. हलके कण धन प्रभार घेऊन वर जातात, जड गारा ऋण प्रभार घेऊन खाली राहतात. हा फरक फार वाढला की वीज चमकते. तिच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, झटक्यात फुगते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा गडगडाट.

आता खरा मुद्दा. ढग आधी वाढतो, मग भरात येतो, मग विरतो. तो भरात आला की पाऊस खाली पडू लागतो आणि सोबत वरची थंड हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. हाच तो गार वारा. याच वाऱ्याने घरांवरचे पत्रे उडतात. याच वेळी गाराही पडू शकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने आपल्या राज्यातली उभी पिकं कशी झोपवली, हे शेतकरी पालकांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे गार वारा अंगावर आला की आपण म्हणतो "पाऊस येतोय, पळा". पण तेव्हा ढग पूर्ण भरात आलेला असतो! नेमक्या त्याच वेळी आपण मुलांना उघड्या रानात पाठवतो. एका ढगाचं सगळं आयुष्य साधारण अर्ध्या ते एका तासाचं. दीड किलोमीटर चालायला लहान मुलांना लागतो जवळपास अर्धा तास. हे गणित एकदा फळ्यावर मांडून बघा. मुलं तासभर वर्गात थांबली, तर बहुतेक वेळा धोका निघून जातो.

"अजून पाऊस कुठे आलाय?" हेही खरं नाही. पावसापासून १० किलोमीटर लांबसुद्धा वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलो.

आम्ही आता काय करतो?

१. गडगडाट ऐकू आला की मैदानावरची मुलं आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत कुणालाही सोडत नाही. परत गडगडलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

२. खिडकीचे गज, नळ, विजेची बटणं यांपासून मुलं लांब बसतात.

३. मुलं वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजतात. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. भीतीही जाते आणि भागाकारही होतो.

४. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आमच्या दोघांच्याही मोबाईलमध्ये आहे. आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

काही जण विचारतील, "वाटेत ओढा आहे, त्याला पाणी आलं तर?" अडचण खरी आहे. पण तिचं उत्तर मुलांना विजेत सोडणं हे नाही. अशा वेळी मुलांसोबत कोण जाईल, उशीर झाला तर ती गावात कुणाकडे थांबतील, हे शाळा व्यवस्थापन समितीत आधीच ठरवता येतं. आम्ही ठरवलंय. शाळा पत्र्याची असेल तर जवळची कोणती पक्की इमारत वापरायची, तेही ठरवून ठेवा.

पालकांना विनंती

मुलांना न्यायला अशा वेळी शाळेत येऊ नका. त्यात तुमच्याही जिवाला धोका आहे. देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं जातात, त्यातली बरीच शेतात काम करणारी. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावणारा बाप मुलांना सगळ्यात जास्त हवा असतो.

झाडाखाली थांबू नका. झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते. जनावरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, त्यामुळे प्रवाह त्यांच्या अंगातून जातो. आमच्याकडची गाय तशीच गेली असावी. रानात अडकलातच तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. पण हा शेवटचा उपाय, पक्क्या घराची सर त्याला नाही.

पायाळू माणसावर वीज पडते, हा निव्वळ गैरसमज आहे. त्यापायी एखाद्या लेकराला घाबरवू नका. अंगणात कोयता किंवा पहार फेकूनही वीज टळत नाही, उलट फेकायला बाहेर गेलेलाच धोक्यात येतो. आणि वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही. लगेच १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा. जीव वाचू शकतो.

मागच्या वर्षी असंच आभाळ आलं तेव्हा एक आजोबा फाटकाशी येऊन ओरडले, "बाई, पोरं सोडा!" मी काही बोलायच्या आत दुसरीतला त्यांचाच नातू आतून म्हणाला, "आज्या, तूच आत ये. अजून तीस मिनटं झाली नाहीत."

आजोबा आत आले. छत्री मिटून आमच्यासोबत सेकंद मोजत बसले.