शस्त्रे दिली कोणी, भोगले कोणी

दहशतवादी हल्ला झाला की पहिल्या दिवशी वृत्तपत्रांत मृतांची संख्या येते, दुसऱ्या दिवशी हल्लेखोरांची छायाचित्रे येतात आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच सूडाची भाषा सुरू होते. ही माणसे घडली कोठे, त्यांच्या हाती शस्त्रे कोणी दिली, असा प्रश्न विचारणाऱ्याकडे त्या दिवसांत संशयाने पाहिले जाते. वास्तविक कारण शोधणे आणि समर्थन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोगाचे मूळ शोधणाऱ्या वैद्याला कोणी रोगाचा कैवारी म्हणत नाही. अफगाणिस्तानच्या बाबतीत तर हे मूळ शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. बहुतेक कागदपत्रे आता उघड झाली आहेत.

एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवादी पक्षाने सत्ता बळकावली. जमीनसुधारणा, स्त्रीशिक्षण अशी उद्दिष्टे कागदावर चांगली होती. पण ती बंदुकीच्या धाकाने लादली गेली, विरोधकांना तुरुंगात डांबून ठार केले गेले, आणि खेडी पेटून उठली. मार्च १९७९ मध्ये हेरात शहरात मोठा उठाव झाला. त्याच वर्षी ३ जुलै रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर स्वाक्षरी केली. ती मदत अद्याप शस्त्रांची नव्हती. पण दार किलकिले झाले होते. डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजा देशात उतरल्या. ज्या हाफिजुल्ला अमीन यांनी सोव्हिएत सैन्याची वारंवार मागणी केली होती, त्यांनाच २७ डिसेंबर रोजी सोव्हिएत सैनिकांनी त्यांच्या महालात ठार केले आणि बाबराक कारमल यांना गादीवर बसविले. परक्या सैन्याला घरात बोलावणाऱ्याचे काय होते, याचे इतके तातडीचे उदाहरण इतिहासात विरळाच.

पुढची नऊ वर्षे दोन महासत्तांनी तेथे आपले वैर अफगाण रक्ताने खेळून घेतले. अमेरिकेचा पैसा, तितकाच सौदी अरेबियाचा पैसा, आणि वाटपाचा अधिकार पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेच्या हाती, अशी व्यवस्था होती. आयएसआयने सर्वांत मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयार यांच्यासारख्या अत्यंत कडव्या गटांना दिला. मवाळ आणि राष्ट्रवादी अफगाण नेते उपेक्षितच राहिले. १९८६ पासून खांद्यावरून डागता येणारी स्टिंगर क्षेपणास्त्रे आली. युद्ध संपल्यावर तीच क्षेपणास्त्रे परत विकत घेण्यासाठी अमेरिकेला पुन्हा कोट्यवधी डॉलर मोजावे लागले, आणि तरीही ती सगळी हाती लागली नाहीत. ओसामा बिन लादेनला अमेरिकेने थेट पैसा दिल्याचे नेहमी सांगितले जाते. त्याला विश्वसनीय पुरावा नाही. पण पेशावरमध्ये अरब स्वयंसेवकांची जी जत्रा भरली आणि जिच्यातून १९८८ मध्ये अल कायदा जन्माला आली, तिच्याकडे या सर्व सरकारांनी सोयीस्कर काणाडोळा केला, हे मात्र नाकारता येत नाही.

शस्त्रांहूनही अधिक काळ टिकले ते एक वेगळेच साहित्य. अमेरिकी सरकारच्या अनुदानातून, नेब्रास्का विद्यापीठाच्या साहाय्याने, अफगाण मुलांसाठी दारी आणि पश्तू भाषांत पाठ्यपुस्तके तयार झाली. पेशावरमध्ये छापून ती निर्वासितांच्या शाळांत आणि सीमेपलीकडील खेड्यांत लाखोंच्या संख्येने वाटली गेली. त्यांत मुळाक्षरांच्या ओळखीसाठी जिहाद आणि बंदूक होती; बेरीज-वजाबाकी शिकविण्यासाठी गोळ्या, रणगाडे आणि मेलेले रशियन सैनिक होते. चौथीच्या मुलाने सोडवायचे एक उदाहरण असे, की बंदुकीच्या गोळीचा वेग दिला आहे, शत्रूचे अंतर दिले आहे, तर गोळी त्याच्या डोक्यात शिरण्यास किती सेकंद लागतील? हे गणित कोण्या डोंगरातल्या मुल्लाने रचलेले नव्हते. ते अनुदानाच्या हिशेबात शिक्षण या सदराखाली मांडले गेले होते. पुढे तालिबाननेही हीच पुस्तके वापरली. त्यांनी केलेला बदल एवढाच, की चित्रांतील माणसांचे चेहरे खोडून टाकले. बंदुका राहू दिल्या. २००१ नंतर अमेरिकेनेच ही पाने गाळून नवी पुस्तके छापली, तोवर जुन्या पुस्तकांवर शिकलेली मुले बाप झाली होती.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटची सोव्हिएत तुकडी आमू दर्यावरील पूल ओलांडून परत गेली. सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले होते. अफगाण मृतांचा अंदाज १० लाखांच्या घरात जातो. ५० लाखांहून अधिक माणसे पाकिस्तानात आणि इराणमध्ये निर्वासित झाली होती. वॉशिंग्टनचे लक्ष लगोलग दुसरीकडे वळले. १९९२ मध्ये नजिबुल्ला सरकार कोसळले आणि विजयी मुजाहिदीन गटांनी काबूलवरच अग्निबाणांचा वर्षाव केला. या अराजकाला विटलेल्या लोकांनी १९९४ मध्ये कंदाहारमधून उठलेल्या तालिबानचे प्रारंभी स्वागत केले, यात नवल ते काय? सप्टेंबर १९९६ मध्ये काबूल त्यांच्या हाती गेले.

भारताला या आगीची धग लागली ती २४ डिसेंबर १९९९ रोजी. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहृत होऊन अखेर कंदाहारला नेले गेले. एका तरुण प्रवाशाचा बळी गेला. उरलेल्यांच्या सुटकेसाठी ३१ डिसेंबरला ३ अतिरेकी सोडावे लागले. त्यांपैकी मसूद अझहरने काही आठवड्यांतच जैश-ए-मोहम्मदची स्थापना केली. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्याची जबाबदारी याच संघटनेने स्वीकारली. त्या ४० जणांत बुलढाणा जिल्ह्याचे दोन सुपुत्र होते. मॉस्को आणि वॉशिंग्टनच्या भांडणाशी लोणार आणि मलकापूर या तालुक्यांचा काय संबंध, असे कोणी १९७९ मध्ये विचारले असते तर हसण्यावारी गेले असते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात सुमारे ३ हजार निरपराध माणसे मारली गेली. त्या क्रौर्याला कोणताही पूर्वेतिहास माफी देत नाही. पण ७ ऑक्टोबरला सुरू झालेल्या प्रत्युत्तराने काय साधले, हे विचारलेच पाहिजे. डिसेंबरमधील बॉन परिषदेत पराभूत तालिबानला जागा दिली गेली नाही. ती चूक होती, हे त्या परिषदेचे सूत्रधार लखदर ब्राहिमी यांनीच पुढे मान्य केले. मग रात्रीचे छापे आले, बॉम्बफेक आली. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी कुंदुझ येथील रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला आणि रुग्ण व डॉक्टरांसह ४२ जण मेले. ब्राऊन विद्यापीठाच्या गणनेनुसार २० वर्षांच्या या युद्धात ४६ हजारांहून अधिक अफगाण नागरिकांचा अंत झाला. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, माघारीच्या आदल्या दिवशी, काबूलमध्ये अतिरेकी समजून केलेल्या ड्रोन हल्ल्यात एकाच कुटुंबातील १० जण गेले. त्यांत ७ मुले होती. तालिबान तोवर काबूलमध्ये परतलेही होते.

आणि ज्या पाकिस्तानने हा खेळ मांडला, तोही सुटला नाही. १६ डिसेंबर २०१४ रोजी पाकिस्तानी तालिबानने पेशावरच्या सैनिकी शाळेत १३० हून अधिक विद्यार्थ्यांना वर्गावर्गांत शिरून मारले.

आता अफगाण मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाकिस्तानने कागदपत्रे नसलेल्या अफगाणांना महिनाभरात देश सोडण्याचा हुकूम काढला. तोरखमच्या सीमेवर ट्रकांवर चारपाया, भांडी आणि घराची लाकडे बांधून लाखो माणसे परतली. त्यांतील कित्येकांचा जन्म पाकिस्तानातच झाला होता. ज्या गावी परतायचे, ते त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.