शिट्टीवाले सर

खेळ आणि मी यांचा संबंध वयाच्या चाळिशीपर्यंत केवळ व्याकरणापुरता होता. ‘खेळणे’ हे क्रियापद सकर्मक की अकर्मक, यावर मी पाऊण तास बोललो असतो. पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेणाऱ्यांपैकी मी एक! असे असता नाशिकहून पेठच्या महाविद्यालयात माझी बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी माझ्या हाती एक शिट्टी ठेवली. “मराठीला तास थोडे आहेत. जिमखाना तुम्हीच बघा,” ते म्हणाले.

पेठ नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण सावळघाट ओलांडला की जग बदलते. भाताची खाचरे, उतारावर नागली आणि वरई, अन् चार महिने कोसळणारा पाऊस. मुले कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांतली. कोकणा मुलांची घरची बोली कोकणी. ही कोकणी समुद्राकाठची नव्हे, डांगाकडची. वर्गात सारी मान खाली घालून बसत. मी प्रश्न विचारला की पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येई. संध्याकाळी खोलीचे कुलूप काढताना वाटे, या गावात आपल्याला ओळखणारा खानावळवाल्यावाचून दुसरा कोणी नाही.

मैदानावर मात्र हीच मुले चुरूचुरू बोलत. पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीसाठी, म्हणजे शेताबांधांवरून, चढउतारांवरून धावायच्या शर्यतीसाठी, आमचा संघ तयार होत होता. मी पुस्तकात वाचून सांगितले, “लांबच्या पल्ल्याला सुरुवातीलाच जोर लावू नये.” मुले गालातल्या गालात हसली. डोक्यावर हंडा घेऊन टेकाड चढणाऱ्यांना हे मी शिकवावे! जिमखान्याच्या भिंतीवर कविता राऊतचे छायाचित्र डकवलेले होते. ती शेजारच्याच हरसूल भागातल्या सावरपाड्याची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझू येथे आशियाई रौप्यपदक. तिला घडवायला नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे जाणते प्रशिक्षक होते. आमच्या मुलांच्या वाट्याला आलो मी!

संघातली सर्वांत वेगवान धावपटू म्हणजे बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक अबोल मुलगी. दसरा झाला आणि ती यायचीच थांबली. चार दिवस वाट पाहून मी तिच्या नावावर रेघ ओढली आणि इतरांना शिस्तीवर अर्ध्या तासाचे व्याख्यान दिले. ते संपल्यावर एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, ती द्राक्षाला गेली.”

मी नाशिकचा. जन्मभर द्राक्षे खाल्ली. पण ऑक्टोबरची छाटणी झाली की दिंडोरीच्या बागांतून कोणाचे हात राबतात, हे मला ठाऊक नव्हते. रविवारी त्या मुलाला मागे बसवून मी बागेवर गेलो. मुलीचे वडील नम्रपणे म्हणाले, “सर, सगळ्या घराची उचल घेतलीय. ही गेली तर तिचं काम कोण करील?”

मला उत्तर सुचले नाही. शिस्तीवरचे ते व्याख्यान आठवून मान खाली घालायची पाळी आता माझी होती. उत्तर दिले माझ्याबरोबरच्या त्या मुलाने. “आम्ही करू, काका. सराव अन् शर्यत मिळून तीन दिवस ना? पाळीपाळीनं येऊ.” परतताना मी म्हणालो, “एक पाळी माझी.”

पुढच्या रविवारी संघाचा सराव पेठला व्हायचा होता. तिने आदल्या संध्याकाळीच मला फेलफुटी काढायला शिकवले. नको ती फूट मी ठेवली अन् हवी ती खुडली, तेव्हा ती प्रथमच मोठ्याने हसली. “सर, घाई करू नका. आधी घड कुठं आहे ते बघा.” वर्गात दोन वर्षांत तिने माझ्याशी एवढी वाक्ये बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर धावत होती आणि मी तिच्या आईच्या शेजारच्या ओळीत फुटी खुडत होतो.

शर्यतीत तिचा नववा क्रमांक आला. पदक नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. रेषा ओलांडून ती थेट आमच्या घोळक्यात येऊन बसली आणि म्हणाली, “उद्या बागेत कुणाची पाळी?” तेव्हा त्या घोळक्यात मीही होतो, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

शहरात आम्ही ज्या दिवशी वसुबारस करतो, त्याच दिवशी इकडे वाघबारस असते. गुराढोरांना सांभाळ म्हणून वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. त्या वर्षी मी दिवाळीला नाशिकला निघालो होतो. बसथांब्यावर तिचे वडील भेटले. सणासाठी बागेवरून परतले होते. “शिट्टीवाले सर, वाघबारस झाल्याबिगर कुठं निघालात?”

मी पिशवी घेऊन मागे वळलो. आता दर दिवाळीला नाशिकला एक दिवस उशिराच पोचतो.