शंभर औषधांचा हिशेब

आमचा धाकटा पुतण्या गणितांत एम्. एस्सी. झाला. पेढीवर जावें कीं अध्यापन करावें, यावरून घरांत दोन तट पडले. "काका, सावकारीच्या गणितानें समाजाचें काय भलें होणार?" असें त्यानें परवां विचारलें. प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल आम्ही अमेरिकेंतील एम्. आय्. टी. विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू लो यांचें उदाहरण सांगितलें.

भांडवलबाजाराचें गणित हा या गृहस्थांचा व्यासंग. आप्तेष्टांस कर्करोगानें ग्रासलेलें पाहून त्यांनीं तेंच गणित औषधांकडे वळविलें. २०१२ सालीं दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं जो विचार मांडिला, तो असा: नव्या औषधाचे १०० प्रयत्न केले, तर ५ फळतील असें धरा. मग एकट्या प्रयत्नावर पैसा कोण लावील? परंतु शंभरहि एकाच थैलींत घातले, तर एकहि न फळण्याचा संभव शेंकडा एकाहून कमी. मग सावध मनुष्यहि त्या थैलीचे रोखे घेईल. एकत्र कुटुंबाचा न्याय हाच: एकाचें पीक बुडालें, तरी दुसऱ्याच्या पगारावर चूल पेटते.

मात्र एक पथ्य आहे. प्रयत्न परस्परांवर अवलंबून नसावेत. २००८ च्या अरिष्टापूर्वीं अमेरिकेंत घरांचीं गहाणें अशींच एकत्र बांधलीं होतीं. घरांच्या किंमती सर्वत्र एकदम उतरल्या आणि हिशेब कोसळला. सगळ्या भावांचीं शेतें एकाच नदीकांठीं असतील, तर पूर कोणास वगळील?

पुतण्यास म्हटलें, "बाळ, विद्या सावकाराची नसते, वापरणाराची असते. कोठेंहि जा, पण हिशेबांत गृहीत काय धरलें, तें आधीं तपासून पाहा."