‘थांबा’ म्हणणारा माणूस

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. घरी राहून शिकणाऱ्या तेथील विद्यार्थ्याच्या लेखी नोंदणी, गुण आणि निकाल म्हणजेच विद्यापीठ! या नोंदी आता संगणकात असतात. म्हणून संगणकप्रणाली आखणारा ज्येष्ठ प्रोग्रॅमर अ‍ॅनालिस्ट हा निव्वळ यंत्रज्ञ नव्हे. कारकून-परीक्षकांच्या अडचणी समजून घेणे, प्रणाली आधी थोडक्यात पारखणे आणि तयारी अपुरी असल्यास वरिष्ठांना ‘थांबा’ म्हणणे, हे त्याचे खरे काम. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला. निकाल रखडले; विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले. यंत्रे विकत मिळतात, सबुरी नाही. तेव्हा हा माणूस विद्यापीठाचा स्वतःचा, कायम नेमणुकीचा असावा आणि त्याला नकाराचा अधिकार असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.